बळवंततात्यांची नाडी

चारचौघं भेटल्यावर नमस्कार करतात, फार तर हात मिळवतात. बळवंततात्या मनगट पुढं करायचे. बाही कोपरापर्यंत सारलेली, पंजा उताणा आणि तोंडात ठरलेलं वाक्य, "बगा जरा. पट्टा सटकालाय का?"

त्या काळी आमच्या मंगळवार पेठेत तात्यांची नाडी न धरलेला माणूस शोधून सापडला नसता. वाणी, न्हावी, पोस्टमन सगळ्यांचे हात तिथून फिरून आलेले. गल्लीच्या कोपऱ्यावर म्हशी पिळणाऱ्या गवळ्याला तर धार अर्धी सोडून उठावं लागे. एकदा कुणी परगावचा माणूस पत्ता विचारायला आला, तेव्हा तात्या म्हणाले, "पावणं, पत्ता सांगतो की. आदी हात धरा." त्या बिचाऱ्याला वाटलं, कोल्हापुरात अशीच रीत असेल. त्यानं तात्यांची नाडी बघितली आणि मग मुकाट्यानं आपलंही मनगट पुढं केलं.

तात्यांची पिठाची गिरणी होती, म्हणून हा पट्टा. पन्नाशी नुकतीच मागं पडलेली. अंगात शर्ट कुठल्याही रंगाचा असो, दुपारपर्यंत तो पांढराच होणार. गिरणीच्या घरघरीत आयुष्य गेल्यामुळं बोलणं असं, की कानात सांगितलेली गोष्ट चौकात ऐकू जावी. त्यामुळं छातीत पहिल्यांदा काही गडबड झाली, ती अख्ख्या पेठेला एकाच वेळी कळली.

"मास्तर, मधीच एक ठोका गिळतंय. मग दोन एकदम टाकतंय. गिरणीचा पट्टा बदलता येतोय वो. ह्याचं काय करायचं?"

मी शाळामास्तर. माझा या विषयाशी संबंध एवढाच, की माझ्या घड्याळाला सेकंदकाटा होता. तेवढ्या भांडवलावर तात्यांनी मला आपला खासगी वैद्य नेमलं. रोज दिवेलागणीला गिरणी बंद करून ते आमच्या घरी यायचे, दाराजवळच्या लाकडी खुर्चीत बसायचे आणि हात पुढं करायचे. मी काट्याकडं बघत नाडी धरायची, आमची ही चहा टाकायची. मी "ठीक आहे" म्हटलं की तात्या नाराज व्हायचे. "तुम्ही धरली की बरोबर चालतंय बगा. वर्गात मास्तर आला की पोरं गप बसत्यात, तसं."

पथ्याचं म्हणाल, तर तात्यांनी तांबडा रस्सा सोडला. मला कौतुक वाटलं. पुढं कळलं, की तेवढाच पांढरा रस्सा वाढवला होता. तांबडा रक्त तापवतो आणि पांढरा दुधागत असतो, असा त्यांचा सिद्धांत. त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांनी मटणच कमी करायला सांगितलं होतं, हे मी आठवणीनं सांगितलं. तात्या म्हणाले, "डाक्टर पुण्याकडचा हाय."

आता तात्यांच्या घरचं सांगतो. बायको लवकर गेली. एकुलती मुलगी मंगल, ती त्यांनी एकट्यानं वाढवली. तिच्या वेण्या घालायला ते आमच्या हिच्याकडून शिकले होते आणि वेणीत पीठ राहायचं म्हणून पोरगी शाळेत चिडायची. या मंगलनं स्वतःच्या मनानं लग्न ठरवलं. तेही तात्यांनी गिळलं असतं. पण मुलगा निघाला पलीकडच्या पेठेतल्या फुटबॉल संघाचा खेळाडू. बाहेरगावच्या वाचकाला यात काय एवढं, असं वाटेल. इथं माणूस जात-पात, शेतीवाडी सगळं बाजूला ठेवील, पण संघ सोडणार नाही. तात्या स्वतः तरुणपणी आमच्या पेठेचे गोलकीपर. लग्नात अक्षता टाकल्या आणि न जेवता घरी आले. त्या दिवसापासून बापलेकीचं बोलणं बंद. गिरणीत त्या पेठेतलं कुणी चुकून डबा घेऊन आलंच, तर तात्या डबा परत करायचे. "तिकडचं दळण माझ्या जात्यात पडणार न्हाय."

डॉक्टरांना संशय होता, की ठोके अधूनमधून चुकतात, पण तपासणीच्या वेळी सापडत नाहीत. त्यांनी एक यंत्र लावायचं ठरवलं. छातीला वायरी चिकटवायच्या, कमरेला टेपरेकॉर्डरसारखा डबा, आणि एक दिवस-रात्र तसंच राहायचं. म्हणजे सगळे ठोके त्यात उतरतात. "रोज वागता तसंच वागा," डॉक्टर म्हणाले.

तात्यांनी याचा अर्थ आपल्या पद्धतीनं लावला. हृदय चोर आहे, तर त्याला रंगेहाथ पकडायचं. त्या दिवशी त्यांनी सकाळी न्याहारीलाच मटण खाल्लं, तेही तांबड्या रश्श्याबरोबर. गव्हाची पोती एकट्यानं उचलली. वीजबिलावरून वायरमनशी मुद्दाम भांडण काढलं. आणि दुपारी मला म्हणाले, "मास्तर, स्कूटर काढा. मॅचला जाऊया."

मॅच आमची आणि पलीकडच्या पेठेची. जावई खेळणार होता. मी हातापाया पडलो, "तात्या, आज नको, उगाच काहीतरी होईल." ते म्हणाले, "झालं तर मशीन हायच की."

स्टेडियममध्ये वायरी बघून लोक जमले. एकानं विचारलं, "तात्या, कॉमेंट्री टेप करालाय काय?" तात्यांनी हो म्हणून सांगितलं, त्यामुळं आमच्या आसपास माणसं जरा जपून शिव्या देऊ लागली. उत्तरार्धात नको तेच झालं. जावयानं डावीकडून मुसंडी मारली आणि आमच्या जाळीत गोल घातला. मी मैदानाकडं न बघता तात्यांकडं बघत होतो. ते एवढंच पुटपुटले, "लई येळ धरतोय बॉल पायात." मागं एकजण जावयाच्या आईबापावर घसरला. तात्या गर्रकन वळले आणि गिरणीच्या आवाजात ओरडले, "ए! खेळावर बोल! घरच्यांवर जायाचं न्हाय!"

आम्ही हरलो. संध्याकाळी तात्या नेहमीप्रमाणं आमच्या खुर्चीत. या खुर्चीशेजारी तिपाईवर आमचा फोन असायचा. मोबाईल यायच्या आधीचे दिवस, सगळ्या गल्लीचे फोन आमच्याकडं यायचे. तात्यांनी स्वतः फोन घेतला नव्हता. गिरणीत ऐकू कुणाला येणार, असं ते म्हणायचे. त्या संध्याकाळी फोन वाजला, तो हिच्या मलकापूरच्या बहिणीचा. मग वाजला, तो वरच्या भाडेकरूचा. आणखी एकदा वाजला, तो चुकून लागलेला. दर वेळी तात्या हातातली कपबशी खाली ठेवत, सावरून बसत, आणि मी "रॉंग नंबर" किंवा तसंच काही म्हटलं की पुन्हा उचलत. मी हे बघत होतो, पण बघून शिकणं मास्तरांना कुठं जमतं?

दोन दिवसांनी डॉक्टरांनी कागदाची लांबलचक पट्टी आमच्यासमोर उलगडली. मटण, पोती, वायरमन, सगळीकडं ठोके सरळ. मॅचमध्येही फक्त जोरात, पण सरळ. जावयाच्या गोलालासुद्धा नाडीनं ओळ सोडली नव्हती.

"पण हे बघा," डॉक्टर म्हणाले, "संध्याकाळी, दिवे लागले तेव्हा. इथं चुकलेत. परत इथं. आणि इथं. तेव्हा काय करत होता?"

तात्या त्या पट्टीवर वाकले. मग म्हणाले, "च्या पीत हुतो. च्या सोडतो आजपासनं."

डॉक्टर म्हणाले, भिण्यासारखं काही नाही, गोळी घ्या, अधूनमधून दाखवत राहा, आणि जिवाला फार लावून घेऊ नका. मी मात्र त्या पट्टीवरचे तीन फोन मोजले. मला त्या माणसाचं इतकं वाईट वाटलं, की परत येताना स्कूटर खड्डे चुकवत हळूहळू आणली.

घरी येऊन हिला सांगितलं. ही पदराला हात पुसत म्हणाली, "मंगलचा फोन येतो की. दुपारी, तुम्ही शाळेत असताना. तात्यांची तब्येत विचारते आणि त्यांना सांगू नका म्हणते. संध्याकाळी मुद्दाम करत नाही, ते इथं असतात म्हणून."

त्या दिवशी दिवेलागणीला तात्या आले, चहा नको म्हणाले आणि सवयीनं हात पुढं केला. मी नाडी धरली. तेवढ्यात ही आतून आली, फोनचा रिसीव्हर उचलला, नंबर फिरवला, पलीकडं काहीतरी हळूच बोलली आणि रिसीव्हर तात्यांच्या दुसऱ्या हातात दिला.

"हॅलो!" तात्या गिरणीत ओरडतात तसे ओरडले. पलीकडून काही आलं नसावं, किंवा आलं ते बोलणं नसावं. माझ्या बोटांखाली नाडी कशीही धावत होती आणि मी घड्याळाकडं बघायचं विसरलो होतो. पुढं तात्या बोलले, पण इतक्या हळू की मी त्यांचा तो आवाज कधी ऐकला नव्हता, "जेवलीस?"

मग ऐकत राहिले. मग डोळे पुसायला माझ्या हातातून हात सोडवून घेतला आणि पुन्हा आवाज चढला, "आणि त्याला म्हणावं, बॉल लई येळ पायात धरू नको. लवकर पास दे म्हणावं. व्हय. मी आलतो मॅचला."

त्यांनी फोन ठेवला. मी म्हटलं, "तात्या, आणा हात. मघाशी मोजायची राहिली."

"ऱ्हाऊ द्या आज," तात्या म्हणाले. उठले, चपला घातल्या आणि दारातून वळून म्हणाले, "मास्तर, उद्या सकाळी स्कूटर काढा. दळण पोचवायचं हाय."

मी विचारलं, "कुठं?"

"पलीकडच्या पेठेत."