तिसरा फर्मा

पुराणकथा विभागात कायम व्हायचे तर पुराणकथांची तोंडी परीक्षा द्यावी लागते, आणि हा नियम बाइंडरलाही लागू आहे, हे ग्रंथालयाच्या बाइंडरला सहा वर्षांनी कळले. सहा वर्षे तो त्या कथा शिवत होता, चिकटवत होता. वाचायची वेळ कधी आली नव्हती. आता नापास झाला तर जागा दुसऱ्याला जाणार होती.

त्याने आपल्या परीने अक्कल लढवली. मूळ काव्य आणि त्यावरचे गाइड, दोन्ही उसवून एकत्र शिवले. सोळा पानांचा एक फर्मा काव्याचा, पुढचा गाइडाचा. शंका आली की पाने उलटायची, उत्तर हजर. त्याच दिवशी त्याच प्रकाशकाचे गोपालनाचे गाइडही शिवणीला आले होते. तोच कागद, तोच टाइप.

उजळणी घ्यायला बायको बसली.

"देवीनं राजकन्येला शाप दिला. मग?"

"तिची गाय झाली. पान बत्तीस."

"मग?"

"मग तिला जंताचं औषध दिलं. पान तेहेतीस."

बायकोने मूळ काव्य चाळले. "इथं तर आकाशदेव येऊन रडतो. औषधाचं नावसुद्धा नाही."

"अगं, कवीला कुठं परीक्षा द्यायची होती? कामाचं ते सगळं गाइडात असतं."

"आणि ओला चारा एकदम देऊ नये, हे काय?"

"शापाचं पथ्य. पुढं बघ, पान एकोणपन्नास. 'तेव्हा कुठे तिच्या मुखावर तेज आले.' जुळतंय की नाही?"

जुळत होते खरे. बायकोने पान उलटले.

परीक्षेला ग्रंथपालबाई होत्या आणि गाइडावर ज्यांचे नाव होते ते मास्तर.

"राजकन्या शापातून कशी सुटली?" मास्तरांनी विचारले.

"आधी जंताचं औषध, सर. रिकाम्या पोटी. मग तीन दिवस कोरडा चारा."

बाईंनी चष्मा काढला. "हे कुठं वाचलंत?"

"सरांच्याच गाइडात."

बाई मास्तरांकडे वळल्या. गाइड मास्तरांनी भाच्याकडून लिहून घेतले होते, आणि त्याने आत काय काय घातले आहे ते बघायचा धीर त्यांना अजून झाला नव्हता. त्यांनी घसा खाकरला.

"बरोबर आहे. प्रतीक आहे ते. जंत म्हणजे विकार. सामान्य वाचकाच्या लक्षात येत नाही."

बाइंडर पहिल्या नंबराने पास झाला.

तिसऱ्या दिवशी दूधवाली मावशी गोपालनाचे गाइड घेऊन ग्रंथालयात आली. "भाऊ, गाय चारा खाईना म्हणून पुस्तक उघडलं. 'आकाशदेवाने तिला कवटाळून आसवे ढाळली', असं लिहिलंय. आम्हीही ढाळली. आता पुढं काय करायचं?"

बाइंडरने पानाचा आकडा पाहिला. तेहेतीस, म्हणजे तिसरा फर्मा. नोकरीचा हुकूम अजून सहीसाठी पडून होता. तोंड मिटून बसता आले असते, पण मावशीची गाय काही प्रतीक नव्हती. त्याने तिचा फर्मा तिला शिवून दिला आणि तडक मास्तरांचे घर गाठले.

"सर, चूक माझी. फर्मे बदलले. ते औषध गाइडात नाहीच."

मास्तरांनी दार लावून घेतले. "कुणाला बोललात?"

"अजून नाही."

"मग बोलूही नका. सुधारित आवृत्ती छापायला गेलीय."

दोन महिन्यांनी, आता कायम झालेल्या बाइंडरच्या टेबलावर सुधारित गाइडाच्या वीस प्रती येऊन पडल्या. त्याने आधी टेबल रिकामे केले. आकडे दोनदा तपासले. मग तिसरा फर्मा उघडला. प्रश्न पहिला होता, 'राजकन्येच्या मुक्तीत जंताच्या औषधाचे महत्त्व विशद करा. गुण दहा.'