पावणेवीस पोरांची शाळा

एका जंगलात दोन शाळा होत्या. एक मोठी होती आणि एक उरलेली होती.

मोठी शाळा वडाखाली भरायची. तिथे हजार पोरं होती. हरणं, चितळं, भेकरं, सांबरं. सगळ्यांना चार पाय आणि सगळ्या पायांना खूर. मुख्याध्यापक सांबरसर शिंगं उंच करून सांगायचे, "आमच्याकडे सगळ्यांना प्रवेश आहे."

आणि खरंच होता, बाळांनो. प्रवेश सगळ्यांना होता. टिकणं जमायचं नाही, एवढंच.

घुबड वर्गात झोपायचं, म्हणून त्याला काढलं. मुंगूस आणि पाच धामणी एका बाकावर बसले आणि भांडले नाहीत, म्हणून त्यांनाही काढलं. कारण पुस्तकात ते भांडतात. कोकिळेची सहा पोरं कावळ्याच्या घरट्यात वाढलेली. पालकाच्या रकान्यात कुणाचं नाव घालायचं हे ठरेना, म्हणून ती सहाही गेली. कोल्ह्याची तीन पोरं प्रश्न विचारायची. खवले मांजराला विचारलं, "तू मांजर आहेस का?" ते म्हणालं, "नाही." मग अर्जात खोटं का लिहिलंस म्हणून त्यालाही घरी पाठवलं.

साळिंदराची दोन पोरं होती. थोरला केरबा आणि धाकटा बारक्या. त्यांना सांगितलं, "गणवेशात काटे बसत नाहीत. कापून या."

केरबा म्हणाला, "चल रे बारक्या. इथं आपलं डोकं नाही बघत, पाठ बघतात."

ही सगळी पोरं ओढ्यापलीकडे एका जांभळीखाली गोळा झाली. तिथे टिटवीबाई शिकवायच्या. ही ती उरलेली शाळा. सरकारी होती. म्हणजे फळा सरकारी होता. जांभूळ आपलं आपण उगवलं होतं.

टिटवी पाय वर करून झोपते, माहीत आहे ना? आभाळ पडलंच तर झेलता यावं म्हणून. लोक तिला हसतात. पण आठवी, नववी आणि दहावी एकाच झाडाखाली एकटीने सांभाळणाऱ्या बाईला आभाळाचं काय मोठं वाटणार?

हजेरीपटात जातीचा रकाना होता. त्यात तीन शब्द छापलेले होते. खूर, शिंग आणि इतर. बाई वरपासून खालपर्यंत "इतर" लिहायच्या. लिहून झालं की म्हणायच्या, "बघा, आपल्या शाळेत किती एकी आहे."

बाईंची हजेरीही निराळी होती. मोठ्या शाळेत न आलेल्याला गैरहजर म्हणत. इथे तो शब्द चालत नसे. ज्याला एकदा काढून टाकलंय त्याला परत गैरहजर कसं म्हणायचं, असं बाईंना वाटे. म्हणून न आलेल्याच्या वतीने शेजाऱ्याने उत्तर द्यायचं. तो काय करतोय ते सांगायचं.

"घुबड झोपलंय, बाई."

"धाकटी धामण कात टाकतेय, बाई."

बाई तसंच लिहून घ्यायच्या.

एके दिवशी कावळा परिपत्रक घेऊन आला. ज्या शाळेचा पट वीसच्या खाली, ती शाळा बंद. पोरं मोठ्या शाळेत जातील. जुने हजेरीपट वाळवीकडे जमा होतील. वाळवी जंगलातले सगळे कागद सांभाळते. फार मन लावून सांभाळते. एकही उरत नाही.

उरलेल्या शाळेचा पट होता एकोणीस.

खरं तर तो अठरा व्हायचा. केरबा तिसऱ्यांदा दहावीत होता. नापास नव्हता तो. परीक्षेलाच बसत नव्हता. "मी पास झालो तर पट पडेल," म्हणायचा.

तो उठून म्हणाला, "बाई, एक पोर मी आणतो."

बारक्या लगेच उठला. "दादा, मी पण येतो."

"बस खाली. तू आलास तर इथं सतराच राहतील."

सगळे हसले. बारक्याही हसला. केरबा ओढ्यापलीकडे गेला आणि मागे वळून काही म्हणाला नाही. दादा लोक असेच असतात. सांगून जात नाहीत.

जंगलाच्या कडेने एक काळा रस्ता गेला होता. त्या रस्त्यापलीकडे एका दगडाखाली एक गोम राहायची. लोक म्हणतात गोमेला शंभर पाय असतात. मोजलेत कुणी? हिला बेचाळीस होते. तीही मोठ्या शाळेत जायची. पण तिथे नियम होता, पाय पुसून आत यायचं. हिचे बेचाळीस पाय पुसून होईतो मधली सुट्टी व्हायची. रोज उशीर. शेवटी तिने शाळा सोडली.

केरबा दगडापाशी जाऊन म्हणाला, "आमच्या शाळेला दारच नाही. पाय कुठं पुसणार?"

गोमेला हे पटलं. पण तिला रस्त्याची भीती वाटत होती. केरबा म्हणाला, "बस माझ्या पाठीवर. काट्यांना धरून बस."

पुढचं मी पटकन सांगतो. दोघं रस्त्याच्या मधोमध होते. समोरून दोन दिवे आले. साळिंदर घाबरलं की पळत नाही. पाठ करतं आणि काटे उभे करतं. वाघ आला असता तर वाघ थांबला असता.

गोम गवतात उडून पडली. तिचा एक पाय तुटला. केरबा रस्त्यावरच राहिला.

सकाळी गोम एकटीच शाळेत आली. तोंडात एक लांब काटा होता. तिने तो बारक्यापुढे ठेवला. "तुझ्या दादाचा," म्हणाली.

एकोणीस होते. एक आली. एक गेला. पट परत एकोणीस.

बाईंनी हजेरीपटात विसाव्या ओळीवर गोमेचं नाव लिहिलं. मग लेखणी सातव्या ओळीवर नेली. तिथे केरबाचं नाव होतं. लेखणी तशीच परत आली. त्यांनी हजेरी सुरू केली.

"सात. केरबा."

सगळी जांभळीकडे बघू लागली. शेजारी बारक्या बसायचा. उत्तर त्यानेच द्यायचं होतं.

"यायचाय, बाई," बारक्या म्हणाला.

बाईंनी तसंच लिहिलं. यायचाय. दुसऱ्या दिवशीही तेच लिहिलं. तिसऱ्याही.

बारक्याने दादाचा काटा स्वतःच्या काट्यांत खोवून ठेवला होता. तो सगळ्यांत लांब होता, म्हणून लगेच ओळखू यायचा. गोम जवळ आली की बारक्या पाठ करायचा.

"बेचाळीस पाय होते ना तुला?" तो एकदा ओरडला. "मग स्वतः चालत का नाही आलीस?"

"भीती वाटत होती."

"मग घरी बसायचंस!"

 गोम त्याच्यापासून दोन हात दूर बसू लागली. मध्ये केरबाची जागा तेवढी रिकामी राहिली.

मग पडताळणीचा दिवस आला.

पडताळणीला घोरपड मॅडम आल्या. घोरपड एकदा चिकटली की सुटत नाही, म्हणून हे काम तिच्याकडे होतं. सोबत सांबरसरही आले होते. शाळा बंद झाली तर पोरं त्यांच्याकडे जाणार होती. त्यांनी येताना काटे कापायची कात्रीही आणली होती.

"मी घेईन सगळ्यांना," सांबरसर म्हणाले. "आमच्याकडे सगळ्यांना प्रवेश आहे."

 नावं वीस होती आणि डोकी एकोणीस. बारक्याची नजर हजेरीपटावरून हलेना. शाळा गेली की हा पट वाळवीकडे जाणार. सातवी ओळही जाणार. मग दादा कुठेच यायचा राहणार नाही.

मोजणी टळणार नव्हतीच. बाई म्हणाल्या, "मोजा, मॅडम. डोकी मोजा."

"डोकी?" घोरपड मॅडमनी परिपत्रक काढलं. "डोकी मोजत नाहीत. डोकी हलतात, डुलतात, विचार करतात. पाय जमिनीवर असतात. पाय मोजायचे आणि चारने भागायचं. सगळ्या जंगलाला हाच नियम आहे."

मोठ्या शाळेत हा नियम बरोबर चालायचा. चार हजार पाय, एक हजार पोरं. तिथे कुणाला शंका आली नव्हती.

मॅडम मोजू लागल्या. सहा पोरं चार पायांची, त्यांचे चोवीस. सात पाखरं, त्यांचे चौदा. पाच धामणींपाशी मॅडम बराच वेळ थांबल्या.

"पाय कुठं आहेत यांचे?"

"नाहीत, मॅडम," थोरली धामण म्हणाली. "पण आम्ही रोज येतो."

"कशावर येता?"

 मॅडमनी शून्य लिहिलं.

अडतीस झाले. कोल्ह्याचं पोर कुजबुजलं, "म्हणजे आपण साडेनऊ आहोत." खवले मांजर भीतीने गोल झालं, मग त्याचे पाय परत शोधावे लागले.

शेवटी गोमेची पाळी आली. मॅडम खाली वाकल्या आणि मोजत राहिल्या. एकेचाळीस. अडतीस आणि एकेचाळीस, एकोणऐंशी. भागिले चार.

भागाकार मला नीट येत नाही. हा मी तीनदा करून पाहिला. उत्तर तेच येतं.

"पावणेवीस," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या शाळेत पावणेवीस पोरं आहेत. वीस लागतात. शाळा बंद."

"अहो, पाव पोरासाठी?" बाई म्हणाल्या.

"एक पाय कमी आहे, बाई. मी काय करू?"

"मला बेचाळीस होते," गोम हळूच म्हणाली. "एक रस्त्यावर राहिला."

"हजर असतील तेवढेच पाय धरतात."

सांबरसर हसले. "एका पायाचं काय एवढं? गोमेचा एक पाय मोडला म्हणून ती लंगडी होत नाही. जुनी म्हण आहे."

"होते, सर," गोम म्हणाली. "लंगडते मी. बाकीचे एकेचाळीस सांभाळून घेतात, म्हणून तुम्हाला दिसत नाही."

बारक्याने मान वर केली. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदा गोमेच्या पायांकडे बघत होता. डाव्या बाजूला, मधोमध, एक जागा रिकामी होती. अगदी त्याच्या शेजारच्या जागेसारखी.

तो उठला. त्याचे काटे ताठ झाले. घोरपड मॅडम दोन पावलं मागे सरकल्या. बाई म्हणाल्या, "बारक्या, नको रे!" पण बारक्याने कधी कुणाचं पूर्ण ऐकून घेतलं आहे? त्याने पाठीत तोंड घातलं आणि सगळ्यांत लांब काटा उपसून काढला.

"धर," तो गोमेला म्हणाला. "आणि हलू नकोस."

काटा लांब होता. मुंगसाने तो दाताने मापात तोडला. धाकटी धामण आपली टाकलेली कात घेऊन आली. कातीच्या पट्टीने बारक्याने तो काटा गोमेच्या रिकाम्या जागेवर बांधला. गाठ तीनदा सुटली. चौथ्यांदा बसली.

"हा काय चावटपणा आहे?" सांबरसर ओरडले. "हा काटा आहे!"

घोरपड मॅडमनी परिपत्रक उलटून पाहिलं. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत होतं. जो जमिनीला टेकतो तो पाय.

"चालून दाखव," मॅडम म्हणाल्या.

गोम चालली. एकेचाळीस पायांचा आवाज आला नाही. एकाचाच आला. टक. टक. टक.

"टेकतोय," मॅडम म्हणाल्या आणि लिहिलं. ऐंशी. भागिले चार, वीस. नावं वीस. "जुळलं."

त्यांना दया आली होती असं समजू नका, बाळांनो. त्यांचा हिशेब जुळला होता. घोरपड फक्त त्यालाच सोडते.

"आता एकदा हजेरी घ्या आणि मला सही द्या."

बाईंनी हजेरी सुरू केली. त्यांचा आवाज सहापर्यंत नीट होता.

"सात. केरबा."

सांबरसरांनी कान टवकारले. मॅडमनी मान वर केली. बारक्याने तोंड उघडलं. त्याला "यायचाय" म्हणायचं होतं. पण तो शब्द त्याला म्हणता येईना. त्या दिवशी त्याला पहिल्यांदा कळलं होतं, की दादा यायचा नाही.



तेवढ्यात टक टक असा आवाज आला. गोम दोन हात सरकून बारक्याच्या शेजारी येऊन बसली. आता केरबाची शेजारीण तीही होती.

"पाय पुसतोय, बाई," गोम म्हणाली.

सांबरसर पहिल्यांदाच खूश झाले. "वा! याला म्हणतात शिस्त! बाई, असा एक तरी विद्यार्थी आहे तुमच्याकडे."

"आहे," बाई म्हणाल्या आणि तसंच लिहिलं.

मॅडमनी सही केली. सांबरसर कात्री घेऊन परत गेले. ती शाळा अजून जांभळीखाली भरते. गेल्या वर्षी एक बेडूक आला आणि पट एकवीस झाला. बारक्या दहावीच्या परीक्षेला बसला. दोन विषय राहिलेत.

सातव्या ओळीवर मात्र रोज तेच लिहितात. केरबा पाय पुसतोय. कुणी त्याला घाई करत नाही. फार लांबून यायचंय त्याला.

तात्पर्य : खोटं कधीही बोलू नये. बोलावंच लागलं, तर चारने पूर्ण भाग जाईल एवढंच बोलावं.