उभा माणूस बघवत नाही

सोपानमामांना उभा माणूस बघवत नाही. एखाद्याला रक्त बघवत नाही, तसं यांचं. देवळात आरतीला माणसं उभी राहिली की मामा मागून एकेकाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणतात, "बसा की हो, देव काई पळून चालला न्हाई." माझ्या पुतणीच्या लग्नात नवरानवरी फोटोसाठी कधीची उभी होती, तर मामांनी फोटोवाल्याला बाजूला सारून दोघांना खाली बसवलं. वर नवरीच्या सख्ख्या मामाला दम दिला, "लेकराचे पाय दुखून राहिले अन् तुमी जिलबी खाऊन राहिले?" त्या अल्बममध्ये आता सगळं लग्न मांडी घालून बसलेलं आहे. बघणाऱ्याला वाटतं, पंगतीचेच फोटो आहेत आणि ताटं यायची राहिलीत.

हे दुखणं नोकरीतलं. मामांची हयात एसटीत कंडक्टरकी करण्यात गेली, त्यातली बरीचशी हिंगोली-वाशिम रस्त्यावर. तिघांच्या बाकावर पाच जण बसवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. "सरका भाऊ, सरकलं की जागा व्हते," हे वाक्य झोपेतसुद्धा त्यांच्या तोंडून निघायचं आणि गयामामी बिचाऱ्या भिंतीकडं सरकायच्या. निवृत्त झाल्यावर मामांनी आमच्या कनेरगाव नाक्यावर घर बांधलं, माझ्या झेरॉक्सच्या दुकानाला लागूनच. पुढच्याच वर्षी मामी गेल्या. मुलगी नाशिकला दिलेली, ती रविवारी फोन करते. राहिले मामा, दोन खोल्या, एक ओसरी आणि समोरचा नाका.

आता नाका म्हटलं की उभी माणसं आलीच. पण गावची माणसं जीप येईपर्यंतच उभी असतात. मामांच्या नजरेला पडायची ती निराळी. पाठीवर पिशवी, हातात बॅटरी संपत आलेला मोबाइल, आणि एकाही गाडीला हात न करणारी. कुणी बिहारचा, कुणी यूपीचा, कुणी बोअर पाडायच्या गाडीवरून पळून आलेला छत्तीसगडचा. कुणीतरी सांगितलेलं असतं की इकडं काम आहे. इकडं म्हणजे कुठं, हे विचारायचं राहून गेलेलं असतं. मग मामा रस्ता ओलांडून जातात आणि आमच्या भागातल्या हिंदीत सुरू करतात, "कायको खडे हो? पयले बैठो. पानी पिओ. काम होना क्या?"

माणूस भांबावून मान हलवतो आणि दोन दिवसांत कामाला लागतो. काम लागेपर्यंत मुक्काम मामांच्या ओसरीवर. हिंगोलीच्या मोंढ्यातला अडत्या असो, धाबेवाला असो, वीटभट्टीवाला असो, प्रत्येकाला मामांनी कधी ना कधी बाकावर जागा करून दिलेली असते. कुणी आढेवेढे घेतलेच, तर मामा चारचौघांत आवाज चढवून विचारतात, "तुमची मंडळी बाळंतपणाला चालली व्हती, तवा खिडकीची जागा कुणी देल्ती?" त्यापेक्षा माणूस कामावर घेतलेला परवडतो.

घाईत कधी घोटाळाही होतो. अकोल्याकडचा एक तरुण नाक्यावर उभा होता. इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी. मामांनी त्याला बसवलं, पाणी पाजलं आणि समोरच्या गोदामात सोयाबीनची पोती उतरवायला लावलं. पोरगं मुकाट्यानं पोती उतरवत राहिलं. दुपारी त्याचे पाहुणे शोधत आले, तेव्हा कळलं की तो इथं मुलगी बघायला आलाय.

"मंग बोलला काहून न्हाईस?" मामा त्याच्यावरच उखडले.

"मला वाटलं, तुमच्याकडं अशीच पद्धत असंल," पोरगं म्हणालं.

मुलीचा बाप गोदामाच्या दारात उभा राहून थप्पीकडं बघत होता. त्यानं पोहे खायच्या आधीच होकार दिला. ते लग्न मामा आपल्याच खात्यात धरतात.

माणूस कामाला लावून गप्प बसतील तर ते मामा कसले! मग सत्कार. जागा मारुतीचा पार. शाल, नारळ, माईक आणि अध्यक्ष मी. माझं कर्तृत्व एवढंच, की माझ्याकडं टेबल आहे. एरवी मला ते 'दिग्या' म्हणतात. सकाळी सकाळी 'दिगांबरराव' अशी हाक आली की मी काही न विचारता टेबल पुसायला घेतो.

सत्काराला कारण कसलंही चालतं. धाब्यावरच्या रामसेवकचा पहिला सत्कार झाला तो डोळ्यांतून पाणी न काढता ठेचा-भाकर खाल्ल्याबद्दल. तसं प्रशस्तिपत्र मीच छापलं. त्यानं ते लॅमिनेट करून गावी धाडलं. त्याच्या आईनं ते देवाशेजारी लावलंय. पोरगं कसली तरी परीक्षा पास झालं असा तिचा समज आहे आणि तो अगदीच चूक आहे असं मला वाटत नाही. छत्तीसगडच्या एकानं अंगावर आलेल्या म्हशीला पहिल्यांदा मराठीत शिवी घातली, तेव्हा मामांनी ती त्याला पारावर माईकमधून पुन्हा द्यायला लावली. टाळ्या पडल्या. म्हशीचा मालकही कौतुकानं हजर होता.

अशा या मामांची कीर्ती धुळीला मिळवली ती बिरबहादूरनं.

बिरबहादूर नेपाळचा. दिवाळी झाल्यावर वाशिमच्या गाडीतून उतरला आणि नाक्यावर उभा राहिला. पस्तिशीचा, बुटका, हसला की डोळे मिटणारा. घरी बायको मनमाया आणि पाच वर्षांची मुलगी सानू. कायमचं काम आणि राहायला एक खोली मिळाली की दोघींना इकडं आणायचं, एवढीच त्याची मागणी. मामांनी पहिल्याच दिवशी माझ्या दुकानात येऊन जाहीर केलं, "दिग्या, ह्याची बायको-लेकरू मी इथं आणून दाखवतो. न्हाई आणलं तर पारावर चढणार न्हाई."

नेपाळी म्हणजे वॉचमन. हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत. मामांनी त्याला हिंगोलीत एका गोदामावर लावलं. पण बिरबहादूर दिवस मावळला की झोपायचा आणि पहाटे चारला उठून अंगण झाडायचा. दुसऱ्या रात्री मालक बघायला आला, तर वॉचमन घोरतोय. मालक भला माणूस. त्यानं शिट्टी उचलली आणि स्वतःच फेऱ्या मारल्या. सकाळी मात्र त्यानं बिरबहादूरला गाडीत बसवून दिलं.

वॉचमन नाही तर चायनीजची गाडी. नेपाळी माणसाला नूडल्स येणारच, असं मामा म्हणाले आणि मीही मान डोलावली. बिरबहादूरनं जन्मात नूडल्स खाल्ल्या नव्हत्या. त्यानं त्या हळद-मीठ घालून खिचडीसारख्या मऊ शिजवल्या. दात नसलेल्या म्हाताऱ्यांची गाडीवर झुंबड उडाली, तरुण पोरं फिरकेनाशी झाली. गाडीवाल्यानं हात जोडले.

मग धाबा. तिथं रविवारच्या मटणासाठी एक बोकड बांधलेला होता. बिरबहादूरनं त्याला दोन दिवसांत पाला खाऊ घातला, अंगावरच्या गोचिड्या काढल्या आणि त्याचं नाव कांछा, म्हणजे धाकटा, असं ठेवलं. रविवारी खाटीक आला तेव्हा हा बोकडाच्या गळ्यात हात टाकून बसलेला. त्या रविवारी लांबलांबून आलेल्या गिऱ्हाइकांनी वांग्याचं भरीत खाल्लं. त्यानंतर हळदीचा कारखाना. तिथून तो संध्याकाळी परत आला तो नवरदेवासारखा पिवळा आणि खोकत. ती हळद आठ दिवसांनी गेली. खोकला मात्र राहिला.

वाचणाऱ्याला एव्हाना कळलं असेल. आम्हाला कळलं नाही. नाक्यावर लोक म्हणायला लागले, मामांचं डेपोत जमा करायचं वय झालं. मामा वरून चिडायचे. "जमंल, जमंल. हळवा माणूस हाय, दमानं घ्या." पण त्या वर्षात मामांची तब्येत सुधारली, हे मी बघत होतो. डोक्याला तेल लागायला लागलं. भाकरीचा वास माझ्या दुकानापर्यंत यायचा. संध्याकाळी ओसरीवर मामा कुठल्या घाटात गाडीचा ब्रेक निकामी झाला ते रंगवून सांगायचे आणि बिरबहादूर मराठी पुरती न कळता बरोब्बर जागी "बाप रे" म्हणायचा. असा श्रोता मिळायला भाग्य लागतं.

दसरा जवळ आला. एका संध्याकाळी बिरबहादूर माझ्या दुकानातल्या वायफायवर घरी व्हिडिओ कॉल करत होता. मामा शेजारच्या खुर्चीत. पलीकडं सानू एकदम टाळ्या पिटून नाचायला लागली.

"काय म्हणून राहिली रे?" मामांनी कौतुकानं विचारलं.

बिरबहादूर म्हणाला, "उसको बोला, दशहरे को मैं घर आ रहा हूँ, मामाजी. हमेशा के लिए. इधर अपना नसीब नहीं है."

मामा खुर्चीतून उठले आणि दुकानाच्या दारात जाऊन उभे राहिले. खुर्ची रिकामी टाकून मामा उभे, हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीनं ते सेनगावकडं गेले आणि दुपारी धापा टाकत परत आले. "भेटली जागा!" तिकडच्या एका गावात धनगराचं घर. शंभरावर मेंढरं, बकऱ्या वेगळ्या, म्हाताऱ्याचे गुडघे गेलेले आणि दोन्ही पोरं पुण्याला. गोठ्याला लागून पक्की खोली. बिरबहादूर त्याच संध्याकाळी पोचला. आठ दिवसांत त्या म्हाताऱ्याचा मला फोन. "अवं, हा माणूस आमाला काहून आधी देला न्हाई? मेंढरं माझं ऐकनाच झाली. ह्यानं शीळ घातली की खुराड्यातल्या कोंबड्या बी उठून राहिल्या."

दिवाळीत मनमाया आणि सानू आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात हाक आली, "दिगांबरराव!"

पारावर एवढी गर्दी मी कधी बघितली नव्हती. झाडून सगळे आले होते. रामसेवक धाब्यावरून सुट्टी काढून आला, अकोल्याचा जावई बायकोला घेऊन आला. मामांनी सगळ्यांना बसवलं आणि माईक हातात घेतला. मी मनात म्हटलं, आता तास गेला.

"मंडळी," मामा म्हणाले, "सत्कार बिरबहादूरचा हाय. पर त्याच्या आधी माझं एक ऐका. ह्या माणसानं पयल्याच दिवशी मला सांगितलं व्हतं, मेंढरं राखतो, बकऱ्या राखतो, दुसरं काई येत न्हाई. मला बराबर समजलं व्हतं. समजून मी त्याला वॉचमनला लावला."

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

"काहून लावला? वापस यावा म्हणून. चायनीजच्या गाडीवर बी त्याच्याचसाठी लावला. तुमी समदे कामाला लागता, खोली भेटली की पिशवी उचलता. बरूबर हाय, जायलाच पाह्यजे. पर घरात सांजच्याला कुणी खोकलं, कुणी तांब्या आपटला, की लई बरं वाटते. गया गेल्यापसून ह्याच्याएवढं कुणी ऱ्हायलंच न्हाई माझ्या घरात." मामांनी चष्मा वर सरकवला. "अन् तिकडं ह्या लेकराचा बाप मी वर्षभर ओसरीवर बसवून ठेवला. बिरबहादूर, माउलीला सांग. जसंच्या तसं सांग."

मला राग आला होता, हे कबूल करतो. एक पोर वर्षभर बापाची वाट बघत होती, तीही आमच्या मामांमुळं. पण मामांकडं बघितलं आणि तो राग धरून ठेवता आला नाही. एवढ्या माणसांत ते एकटेच उभे होते.

बिरबहादूर बायकोकडं वळला आणि हळूहळू, बराच वेळ नेपाळीत बोलत राहिला. मनमायाचे डोळे भरून आले. ती उठली, पदर सावरला, पुढं झाली आणि तिनं मामांच्या पायांवर डोकं ठेवलं. मागोमाग सानूनंही ठेवलं.

मामा दचकून मागं सरले. माईक चालूच होता. "अवं, पाया काहून पडून राहिली ही? बिरबहादूर, तू बराबर सांगितलं ना?"

"बराबर, मामाजी," बिरबहादूर म्हणाला.

मामांनी माईक टेबलावर ठेवला. मनमायानं हात धरून त्यांना पारावर बसवलं.

लोक पांगल्यावर मी बिरबहादूरला बाजूला घेतलं. "खरं सांग. तिला काय सांगितलंस?"

"यही बोला, भैया, कि मेरे काम के लिए मामाजी को साल भर बहुत तकलीफ हुआ."

"अरे, हे खोटं आहे!"

"झूठ कहाँ है? रोज शाम को रास्ते पे खड़े रहते थे, मैं आने तक. तकलीफ तो हुआ ना?"

"म्हणजे तुला कळलं होतं?"

"नूडल वाले काम पे समझ गया था," तो म्हणाला आणि हसला.

"मग बोलला का नाहीस? निघून का गेला नाहीस?"

त्यानं लांब मामांकडं बघितलं. सानू त्यांच्या मांडीवर चढून त्यांचा चष्मा काढत होती.

"मेरा भी बाप नहीं है ना, भैया," बिरबहादूर म्हणाला आणि मामांची चप्पल शोधायला गेला. सेनगावची गाडी यायची वेळ झाली होती आणि तो त्यांना आठ दिवस आपल्या घरी घेऊन चालला होता.