तळेमंत्री खडकोजी

बुडुक्!

एका जंगलात एक कासव होतं, आणि हा आवाज लहानपणापासून त्याच्या कानात बसला होता. त्याची आजी काठावरच्या दगडावरून तळ्यात उडी घ्यायची, तेव्हा व्हायचा तो. बुडुक्. मग पाण्यावर गोल गोल वर्तुळं. कासवाचं नाव खडकोजी.

तर मुलांनो, पुढे ते तळं आटायला लागलं. नदीपासून पाट खणून आणायचा, असं सगळ्यांनी ठरवलं. पण पाटाला राजसभेचा हुकूम लागतो. म्हणून तळ्यातल्यांनी खडकोजीला वानरपक्षातर्फे निवडून दिलं. कासव शब्दाचं पक्कं असतं, असं तेव्हा सगळे समजत.

निकाल लागला. राज्य अस्वलपक्षाचं आलं.

"विरोधात बसून कधी पाट येत नसतो," खडकोजी बायकोला म्हणाला. "मी अस्वलांकडे जातो. तळ्यासाठीच."

"जा," भिवरा म्हणाली. "पण लवकर या. पाणी गुडघ्याला आलंय."

"कुणाच्या?"

"बगळ्याच्या."

अस्वलांची गुहा डोंगरावर. खडकोजीला पोचायला चार महिने लागले. पोचला, तर गुहेत सामसूम. सरकार आदल्याच आठवड्यात पडलं होतं.

"या खडकोजीराव," अस्वलांचा पुढारी जांभई देत म्हणाला. "उशीर केलात. पण आलाच आहात तर प्रवेश करूनच जा."

त्याने खडकोजीच्या गळ्यात काळं उपरणं घातलं. आत वानरपक्षाचं तांबडं होतंच.

"तेवढं जुनं काढता का? माझे पाय मानेपर्यंत पोचत नाहीत."

"छे, छे! असू द्या. लागतं पुढे."

आणि लागलंच. आता राज्य वानरांचं होतं. खडकोजी चहा न घेता मागे फिरला. आठ महिन्यांनी वानरांच्या वडाखाली पोचला, तर वानर पारावर तोंड पाडून बसलेले. अस्वलं परत आली होती. वानरांनी त्याला आणखी एक तांबडं उपरणं घातलं.

बारा वर्षांत असे अठरा प्रवेश झाले. प्रत्येक वेळी खडकोजी नुकत्याच पडलेल्या पक्षात जाऊन पोचायचा. जंगलात त्याचं नाव झालं. लोक म्हणायचे, "पडत्या काळात धावून येतो हो! असा त्यागी पाहिला नाही."

गळ्यात एकोणीस उपरणी. मान आत जाईना. कोल्हा आला की बाकीची कासवं अंग चोरून घ्यायची. खडकोजी भाषण सुरू करायचा. कोल्हा निघून जायचा.

वड आणि डोंगर यांच्या मधोमध तळं होतं. जाता-येता भिवरा काठावर दिसायची.

"अहो, बगळा गेला. नुसता चिखल राहिलाय. घटकाभर थांबा ना."

"थांबलो तर सरकार पडेल. तळ्यासाठीच चाललोय!"

हे तो समोर बघूनच म्हणायचा. मान वळत नव्हती. वळत असती, तर बघितलं असतं हो त्याने.

एके दिवशी वानर आणि अस्वलं दोघंही दमली. दोघांनी मिळून राज्य करायचं ठरवलं. आता दोघांचाही असा कोण?

"ज्याच्या गळ्यात आपण दोघंही आहोत, तो," पुढारी अस्वल म्हणालं.

खडकोजी तळेमंत्री झाला. पहिल्याच दिवशी त्याने पाटाच्या हुकुमावर पंजा उमटवला. मग रानडुकराच्या पाठीवर बसून तो वाजतगाजत तळ्यावर आला. आयुष्यात पहिल्यांदाच तो कुठेतरी लवकर पोचला होता.

तो आजीच्या दगडावर चढला. गळ्यातल्या जाड गुंडाळीमुळे त्याला खाली बघता येईना. वर आभाळ दिसत होतं. त्याने डोळे मिटले. आजीचा आवाज आठवला. आणि उडी घेतली.

ठक्.

तळाला भेगा पडल्या होत्या. बेडूक गेले होते, मासे संपले होते, बाकीची कासवं केव्हाच नदीच्या वाटेला लागली होती. तिथे एकटी भिवरा होती. ती त्याची वाट बघत थांबली होती.

खडकोजी उताणा पडला होता. भिवरेने डोक्याने ढकलून त्याला सरळ केलं. नाकावरची माती पुसली. मग तोंडाने ओढून ओढून सगळ्यात वरचं एक उपरणं सोडवलं. त्याला जरा श्वास घेता आला.

"अगं, पाट मंजूर झालाय!" तो म्हणाला. "माझ्या पंजाचा ठसा आहे त्यावर!"

भिवरेने आजीच्या दगडाकडे एकदा बघितलं. मग ती नदीच्या दिशेने चालू लागली.

"थांब, मीही येतो." खडकोजीने एक पाय उचलला. पण तो तसाच हवेत राहिला. "भिवरे, नदीकडे सध्या राज्य कुणाचं आहे गं?"

ती चालत राहिली.

*

तात्पर्य : मुलांनो, कासवासारखं सावकाश पण सतत चालत राहावं. तोवर तळं आटलं तरी तळ्याचं मंत्रिपद मिळतंच.