टपालकाकांचा ठिपका

आग लागली तर ऑफिसातली माणसं कशी बाहेर पडतील, हे कॉम्प्युटरवर दाखवणारं सॉफ्टवेअर आलं आणि ते शिकायचं काम आरेखकबाईंच्या गळ्यात पडलं. कारण सोपं होतं. साहेबांनी "कोण शिकणार?" असं विचारलं तेव्हा सगळे खाली बघत होते आणि बाई नेमक्या वर बघत होत्या.

सरावासाठी सॉफ्टवेअरमध्ये एक तयार विमानतळ होता. साहेबांना तो आवडला नाही. "विमानतळ काय करायचाय? आपलंच ऑफिस घाला. तपासणीला दाखला लागणार आहे, सगळे सुखरूप बाहेर पडतात असा."

बाईंनी भिंती उभ्या केल्या, दारं लावली, माणशी एक हिरवा ठिपका बसवला आणि धूर सोडला. पहिल्या खेपेला ठिपके भिंतीतून आरपार चालत गेले. दुसऱ्या खेपेला सगळं ऑफिस शिस्तीत बाथरूममध्ये शिरलं आणि तिथेच उभं राहिलं, कारण बाहेरच्या दाराची खूण बाईंनी चुकून तिथे केली होती. तिसऱ्या खेपेला जमलं. ठिपके भराभर बाहेर पडले. कोपऱ्यातला एक तेवढा हळूहळू निघाला, वाटेत धुराने त्याला गाठलं आणि तो करडा झाला.

"हे कोण गेलं?" मागून टपालकाकांनी विचारलं. आल्यागेल्या टपालाची नोंद ठेवणारे हे काका निवृत्तीला आले होते.

बाईंनी चष्मा काढून पुसला. "काका... तुम्हीच."

"मी? मीच का?"

"तुमच्या मागचं दार कपाटांनी बंद आहे. पुढच्या दाराने यायचं तर तुमचा गुडघा... मी चालायचा वेग खरा घातलाय हो."

"परत चालवा."

बाईंनी परत चालवलं. काका परत गेले. बाईंनी आग दुसरीकडे लावून पाहिली, काका तिकडूनही गेले.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. ज्यांनी कधी काकांना नमस्कार केला नव्हता ते आता हळू आवाजात तब्येत विचारू लागले. लेखापाल तर जवळ बसून म्हणाला, "काका, तुमच्या डोक्यावरचा पंखा फार चांगला आहे हो. पुढे कोणाला द्यायचा, काही ठरवलंय का?"

काका घरी गेले आणि बायकोला म्हणाले, "आज दिवसभर मी मरत होतो."

"ते रोजचंच आहे. भाजी आणलीत का?"

दुसऱ्या दिवशी बाई साहेबांकडे गेल्या. "साहेब, मागच्या दारातली कपाटं हलवली की काका वाचतात. मी चालवून पाहिलंय."

"ती कपाटं मुख्यालयाची आहेत, सीलबंद. हलवायची तर वरून मंजुरी लागते. माणूस मी माझ्या सहीने हलवू शकतो."

काकांची बदली आवारातल्या पत्र्याच्या शेडमध्ये झाली. शेडमध्ये जुनी रिकामी कपाटं होती, ती जागा करायला ऑफिसात, साहेबांच्या केबिनजवळच्या काकांच्या कोपऱ्यात आणून ठेवली. काकांनी आपलं टेबल स्वतः पुसलं आणि शिपायाच्या मदतीने उचलून नेलं. सगळी नोकरी त्या एका खिडकीशी गेली होती. निवृत्तीपर्यंत तिथेच बसू द्या, एवढंच त्यांचं मागणं होतं, आणि ते कोणी ऐकून घेतलं नाही. शेडमध्ये पत्रा तापायचा. टपाल द्यायला यायचे तेही दारातूनच फेकून जायचे. ऑफिसच्या चहातून काकांचा कप कधी कमी झाला हे चहावाल्यालाही सांगता आलं नसतं.

"आता दाखल्यासाठी चालवा," साहेब म्हणाले आणि बाईंच्या शेजारी खुर्ची ओढून बसले.

बाईंनी शेडमधून आणलेली कपाटं नकाशात घातली, काकांचा ठिपका काढला आणि धूर सोडला. ठिपके बाहेर पडले. केबिनमधला एक ठिपका दाराबाहेर आला, कोपऱ्यातल्या कपाटांपाशी अडकला, मागे फिरला, पुन्हा पुढे आला आणि करडा झाला.

साहेबांनी खुर्ची मागे सरकवली.

"तुमचं शिकणं अजून कच्चं आहे."

"असेल, साहेब. परत चालवू?"

"नको, नको!" साहेबांनी कपाळ पुसलं. "ती कपाटं आत्ताच्या आत्ता शेडमध्ये टाका. आणि काकांना त्यांच्या जागेवर बोलवा."

"पण मग काका..."

"काकांना त्याची सवय आहे."

"आणि दाखला, साहेब?"

साहेब खुर्चीवरून उठले. "लिहा, जवळजवळ सगळे वाचतात."

काका टेबलासकट परत आले तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. लेखापालाने सर्वांत जोरात वाजवल्या. काका खिडकीशी बसले, डोक्यावरचा पंखा लावला, आणि इतक्या दिवसांनी त्यांच्यापुढे चहा आला. बाईंना त्यांच्याकडे बघवेना. संध्याकाळी काकाच गुडघा धरत त्यांच्या टेबलापाशी आले.

"बाई, एकदा चालवून दाखवता?"

"कशाला काका? जीव जातो हो माझा."

"चालवा तर."

बाईंनी शेडची कपाटं नकाशातून काढली, काकांचा ठिपका परत बसवला आणि धूर सोडला. सगळे ठिपके निघून गेले. नकाशा रिकामा झाला आणि कोपऱ्याजवळ एकच करडा ठिपका उरला. काकांनी वाकून, डोळे बारीक करून तो नीट पाहिला.

"आहे," ते समाधानाने म्हणाले. "आपल्या जागेवर आहे मी."