पोचेपर्यंतचा केर

सगुणकाकांच्या ओसरीवर केर दिसला, की धारगळ गावातल्या आमच्या वाड्यावर समजतात, कोणीतरी विमानात आहे.

घरातून माणूस निघालं की ते पोचेपर्यंत केर काढायचा नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. माझ्या लहानपणी प्रवास म्हणजे पणजी. म्हापशाला बस बदलली, तरी दुपारपर्यंत बाबा पोचले असतील असं धरून आई झाडू हातात घ्यायची. मग मोप्याला विमानतळ झाला आणि काकांची पंचाईत सुरू झाली. कारण शेजारचं कुठलंही पोर निघालं, तरी काका स्वतःच्या घरातला झाडू बंद ठेवतात. राहतात एकटेच. झाडायला येणाऱ्या शेवंतीला दारातच ऐकावं लागतं, "पावल्याबगर केर ना!"

"मुंग्यो जाल्यो, काका!"

"जांव दी. तांकां खंय विमान धरूंक जाय?"

परवा माझीच मुलगी मेलबर्नला निघाली. काकांनी विचारलं, "मोपा ते मेलबर्न किती रे?"

"दहाएक हजार किलोमीटर. मुंबई, सिंगापूर, मग मेलबर्न. एक दिवस तरी जाईल."

"शेवंते, आयकलें मगे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सांगायला गेलो, "सिंगापूरला उतरली." शेवंतीने लगेच झाडू उचलला.

"दवर तो! म्हापशाक बस बदलली म्हणान पणजी पावली काय?"

मी मान खाली घातली. मुलीला विमानतळावर सोडून आल्या आल्या आमच्या घरचा केर मीच काढला होता. रिकामं घर बघवेना, हाताला काहीतरी काम हवं होतं. रीत आठवली तेव्हा केर भरून झाला होता.

दुपार कलल्यावर फोनवर विमान मेलबर्नला उतरलेलं दिसलं. मुलीचा फोन मात्र लागेना.

"उतरलं की विमान, काका," मी स्वतःलाच धीर देत म्हटलं.

"विमान पावलां. तुजें चेडू पावलां?"

ओसरीवर साचलेल्या फणसाच्या सुक्या पानांत आम्ही दोघे बसून राहिलो. शेवटी संदेश आला, 'पोचले, बाबा. इथलं सिम मिळायला उशीर झाला.'

काका ताडकन उठले. "शेवंते, काड केर! दिवे लावच्या आदीं!"

शेवंतीने ओसरी झाडली, माजघर झाडलं. आतल्या एका बंद दारापर्यंत गेली आणि तिथूनच परत फिरली.

"ती खोली?" मी विचारलं.

"सूरजबाबाची," ती हळूच म्हणाली.

सूरज काकांचा एकुलता मुलगा. भांडून कॅनडाला गेला. त्याचे तिकडचे फोटो वाड्यावर सगळ्यांच्या फोनवर येतात, माझ्याही.

"काका, सूरज पोचून वर्षं झाली की हो."

"गावाक खबर," काका म्हणाले. "पूण म्हाका ताणें अजून सांगूंक ना."