महिपत अंग ढिलं सोडतो

"अहो, घागर उतरायला हात लावता, की तसेच वाऱ्याला मिठी मारून उभे राहणार?"

डोक्यावर घागर आणि कमरेवर कळशी अशा थाटात दमयंतीनं विचारलं. अंगणातल्या फणसाखाली महिपत गुडघे जरासे वाकवून, डोळे मिटून, छातीसमोर हात गोल धरून उभा होता. त्या हातांत एखादा मोठा रांजण मावला असता, पण रांजण नव्हता. बायको भरल्या घागरीनिशी समोर उभी आहे हे त्याला कळत होतं. पुढं काय होणार आहे तेही कळत होतं. पण उभं असताना बोलायचं नाही अशी गुरूची सक्त ताकीद होती. दमयंतीनं घागर आपली आपण उतरवली आणि ती अशी आदळली की निम्मं पाणी महिपतच्या पायांवर आलं. तरी गडी हलला नाही.

बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात महिपत कारकून होता. स्वभावानं गरीब, पण अंगानं कायम आवळलेला. लेखणी धरायचा ती चोर पकडल्यासारखी. झोपायचा तोसुद्धा मुठी वळून. त्यामुळं त्याचा उजवा खांदा वर्षानुवर्षं कानाला भिडायला निघालेला होता, आणि हाक मारली की मान न वळता अख्खा महिपत वळायचा. एरवी त्याचं कुणाला काही नव्हतं. घोटाळा झाला तो गेल्या शिमग्यात.

ग्रामदेवीच्या पालखीचा पुढचा दांडा हा महिपतच्या घराचा मान. त्याचा बापूस पालखी नाचवायचा तेव्हा बघणाऱ्यांच्या अंगावर काटा यायचा. बापसाच्या मागं मान महिपतकडं आला, आणि त्र्याऐंशीच्या शिमग्यात ऐन सहाणेवर, म्हणजे पालखी टेकवायच्या चौथऱ्यावर, ढोल टिपेला गेलेला असताना त्याचा खांदा धरला. पालखी कलंडली. देवीपुढचा नारळ घरंगळत थेट ताशेवाल्याच्या पायात गेला. पालखी पडली नाही एवढंच नशीब. गावच्या मानपानाचा निवाडा करणारे गावकर आप्पा सगळं उरकल्यावर म्हणाले, "महिपत, पुढच्या साली बघू. नायतर धोंडू हायच." धोंडू म्हणजे चुलतभाऊ. तो तेव्हापासून महिपतच्या तब्येतीची फार आपुलकीनं चौकशी करायचा. "खांदा काय म्हणतो?" असं म्हणत खांद्यावर थाप मारायचा, आणि ती नेमकी उजव्या.

बापसाचा मान आपल्या हातून जाणार या काळजीनं महिपतचा खांदा आणखी वर गेला. अशात त्याचा शाळेतला दोस्त हरिश्चंद्र बोटीवरून सुटीला आला. येताना त्यानं टेपरेकॉर्डर, जपानी छत्री आणि एक चिनी विद्या आणली होती. सिंगापुरात बोट दुरुस्तीला लागली तेव्हा एका म्हाताऱ्या चिन्यानं ती त्याला बागेत शिकवली म्हणे.

"ताकद लावायचीच नाय," हरिश्चंद्र म्हणाला. "सगळं अंग ढिलं सोडायचं. शिंक येते तेव्हा तू काय जोर करतोस? नाय ना? आपसूक उडते. तसं! बळ निघतं टाचेतनं, वळतं कमरेत आणि बाहेर पडतं हातातनं. मधे कुठं अंग आवळलंस की तिथंच अडकलं. तुजं खांद्यात अडकतंय बघ."

असं म्हणून त्यानं ओट्यावरच्या भाताच्या पोत्याला नुसता तळवा लावला. हात अगदी लुळा. मग एकदम "हुं!" झालं आणि पोतं ओट्याखाली गेलं. महिपतनं तिथल्या तिथं त्याला गुरू केला. पोतं मात्र त्याला एकट्यालाच वर चढवावं लागलं.

पहिला धडा होता झाडासारखं उभं राहण्याचा. डोळे उघडायचे नाहीत, तोंड उघडायचं नाही, मधेच मोडायचं नाही. मोडलं तर बळ उलटं डोक्यात चढतं. महिपत मन लावून करू लागला, आणि नेमकं तेच आडवं आलं. तो दात आवळून, मुठी वळून, जिवाच्या करारावर अंग ढिलं सोडायचा.

"अरे, दात ढिले सोड!" हरिश्चंद्र ओरडायचा. "कपाळ सोड! बोटं सोड!"

"सोडतोय ना रे!" असं मनातल्या मनात म्हणत महिपत आणखी आवळायचा. शेवटी दमून दमून त्याचं अंग थरथरायला लागलं. हरिश्चंद्र खूश झाला. "झालं! बळ जागं व्हायला लागलं. आता रोज ते थरथर येऊ दे. मधेच आतून ढुशी आली की हात सोडून द्यायचा आणि हुं म्हणायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची सखू विरजण मागायला आली, आणि अंगणातच थबकली. महिपत फणसाखाली डोळे मिटून थरथरत होता, आणि नाकातून "हुंऽ हुंऽ" असा आवाज येत होता. सखूनं वाटी खाली ठेवली, पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडले.

"म्हाराजा," ती हलक्या आवाजात म्हणाली, "माजी म्हस परवापासनं गावत नाय. कुठं गेली ती सांग रे म्हाराजा."

आता काय करावं माणसानं? बोललं तर बळ डोक्यात चढणार. महिपतनं ढिलं सोडायची शिकस्त केली, आणि तेवढ्यात ती ढुशी आली. हात सुटला, "हुं!" झालं, आणि बोटं खाडीच्या दिशेला ताणली गेली.

म्हैस खाडीतच गावली. त्या वाडीला तिन्ही बाजूंनी खाडी आहे आणि माघातल्या उन्हात म्हैस दुसरीकडं जाणार कुठं, हा विचार कुणीच केला नाही. सखू दुसऱ्या दिवशी नारळ घेऊन आली, आणि येताना अर्धी वाडी घेऊन आली. तिनं नारळ दोन्ही हातांनी महिपतच्या पुढं धरला. महिपतला मिटल्या डोळ्यांनी काय दिसणार? त्याच वेळी आतून ढुशी आली. मूठ नारळावर बसली, नारळ उडाला, फणसाच्या बुंध्यावर आपटला आणि त्याची बरोब्बर दोन भकलं झाली.

"मानला! देवानं नारळ मानला!" एकच गलका झाला.

महिपतच्या डोळ्यांतून घळघळा पाणी आलं. ते बोटं ठेचल्यामुळं आलं होतं. बायांनी ते भक्तीचं समजून त्याच्या पायांवर डोकी टेकली.

मग काय विचारता! कुणाचा मुलगा मुंबईहून कागद पाठवीत नव्हता, कुणाच्या पोरीचं जमत नव्हतं, कुणाच्या कलमाला मोहर धरत नव्हता. महिपत डोळे उघडून "अगो, मी फक्त अंग ढिलं सोडतोय!" म्हणायचा, तेव्हा बाया एकमेकींकडं बघायच्या. "अंगात येतं त्याला कधी कळतं काय?" दमयंती आधी चिडली. पण घरात नारळांची रास झाली तशी तिची खोबऱ्याची वडी झकास व्हायला लागली, आणि सकाळी लवकर उठा म्हणून तीच नवऱ्याला हलवायला लागली.

येसूबाई, म्हणजे महिपतची आई, तेवढी ओट्यावर बसून सुपारी कातरत सगळं बघत होती. "माज्या पोटच्या पोराला मी वळखत नाय काय? त्याच्या अंगात धड आळस येत नाय, देव कुठून येणार?" पण तिचं ऐकतो कोण.

ऐकलं ते धोंडूनं, आणि नेमकं उलटं. तो तडक आप्पांकडं गेला आणि महिपतच्या अंगात देव येतो असं सांगून आला. गावची रीत अशी होती, की ज्याच्या अंगात देव येतो त्यानं पालखीपुढं चालायचं. खांदा द्यायचा नाही. शिमगा सुरू होतो ती फाक पंचमी आठवड्यावर आली तेव्हा आप्पा चार मानकऱ्यांना घेऊन महिपतच्या अंगणात आले. धोंडू मागं नम्रपणे उभा होता.

"महिपत, वाईट वाटून घेऊ नको," आप्पा म्हणाले. "देवच देवाला उचलील कसा? औंदा दांडा धोंडू घेईल. तू पुढं चालायचंस, हार घालून."

महिपत हात जोडून पुढं आला. "आप्पा, देवाशप्पत सांगतो, माज्या अंगात काय येत नाय!"

"बघा, देवाचीच शपथ घेतली," धोंडू हळूच म्हणाला.

"तू गप रे!" महिपत ओरडला, आणि रागानं त्याचं अंग थरथरायला लागलं.

"आलं, आलं!" कुंपणावरून बघणाऱ्या सखूनं हात जोडले. मानकरी दोन पावलं मागं सरले.

महिपतनं शेवटचा उपाय म्हणून हरिश्चंद्राला बोलावून आणलं. त्यानं टाच, कंबर, हात, सिंगापूर, सगळं यथासांग समजावलं. आप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे चिनी देव हाय. मग तर बिलकूल नको. आपली देवी काय म्हणेल?"

महिपत मटकन फणसाच्या मुळावर बसला. बापूस आठवला त्याला. ढोलाच्या ठेक्यावर पालखी खांद्यावर झेलणारा, घामानं निथळणारा, हसणारा. आपल्यामुळं घरचा मान गेला, आणि तो सुद्धा अंग ढिलं सोडण्यापायी! त्याला भडभडून आलं.

ते येसूबाईला बघवलं नाही. तिनं अडकित्ता ओट्यावर ठेवला, गुडघ्यावर हात टेकत उठली आणि अंगणात उतरली. काही घाई नाही, राग नाही. हात आपले लोंबते सोडलेले. महिपतच्या मागं जाऊन ती उभी राहिली. टाच जराशी उचलली, कंबर वळली, आणि सुनेनं वाळत घातलेल्या लुगड्यासारखा लुळा असलेला तिचा हात पोराच्या उजव्या खांद्याखाली पाठीत असा बसला की फणसावरचे कावळे उडाले.

"आये गोऽऽ!" महिपत कळवळून ओरडला. त्याच क्षणी खांद्यात कट्कन आवाज झाला.

येसूबाईनं आपला हात सगळ्यांपुढं धरला. "देवाच्या पाठीत धपाटा घातला असता तर ह्यो हात जाग्यावर राहिला असता काय, आप्पा? बघा. सुपारी सुदा कातरून दाखवते." आणि ती ओट्यावर जाऊन खरोखरच सुपारी कातरायला बसली.

सगळ्यांनी तिच्या हाताकडं बघितलं. हात ठणठणीत होता. आप्पांनी बराच विचार केला. "बरोबर हाय," ते म्हणाले. "आणि देव काय आयशीला हाक मारत नाय. माणूसच हाय ह्यो. दांडा महिपतचाच."

धोंडूचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. ते बघायला महिपतनं डावीकडं मान वळवली, मग आप्पांकडं उजवीकडं वळवली, आणि मग त्याच्या लक्षात आलं की नुसती मान वळतेय! खांदा कानापासून चांगला वीतभर खाली आला होता.

शिमग्यात सहाणेवर महिपतनं पालखी नाचवली ती लोकांनी डोळे भरून बघितली. खांदा मोकळा, मान मोकळी. ढोल चढेल तशी पालखी त्याच्या खांद्यावरून उसळत होती आणि अलगद परत येत होती. देवीपुढचा नारळ जागचा हलला नाही. गर्दीतलं कुणीतरी म्हणालं, "अगदी बापसासारखा!" ते ऐकून महिपत नाचता नाचता रडला. मागचा दांडा धोंडूकडं होता. तो मात्र दात आवळून, सगळी ताकद पणाला लावून नाचत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी महिपत दार उघडून बाहेर आला आणि बघतो तर अंगणात पुन्हा गर्दी! तो पटकन दाराआड सरला. पण त्याच्याकडं कुणी बघतसुद्धा नव्हतं. सगळे ओट्याकडं तोंड करून उभे होते. सगळ्यांत पुढं हरिश्चंद्र होता. जपानी छत्री येसूबाईच्या पायाशी ठेवून तो म्हणत होता, "काकी, त्या चिन्याचा हात तुमच्यापुढं काहीच नाय. मला शिकवा." त्याच्या मागं मान एका बाजूला वाकडी झालेला, खांदा कानाला भिडलेला धोंडू उभा होता.

"काकी," धोंडू कण्हत म्हणाला, "एक मला पण. जरा बेतानं हां."

"दात ढिले सोड," महिपत त्याला आपुलकीनं म्हणाला.

येसूबाईनं अडकित्ता खाली ठेवला. तेवढ्यात दमयंती आतून रिकामी टोपली घेऊन आली.

"नारळ हितं ठेवा," ती म्हणाली, "आणि एकेकानं पुढं व्हा."